कुंताने झील धरली

सीताबर्डीच्या बाजारात कुंताच्या खांद्याला कुणाची तरी ढोलकी लागली. "सरका जी बाई," म्हणत ढोलकीवाला पुढे निघाला… आणि थांबला.

"कुंता? तुमी?"

"तुमी काऊन म्हनतं रे इस्तारी? घाटावर माह्या अंगावर पानी उडवत होता, तवा मी 'तुमी' होतो का?"

इस्तारी हसला. १९५५चा हिवाळा होता. दोघंही चामोर्शीजवळच्या एकाच गावचे, दोघांच्याही घरी वैनगंगेतली मासेमारी. कुंता नर्सचं शिकायला नागपुरात आली, त्यानंतर त्यांची गाठ पडली नव्हती.

"संध्याकाळी आपली दंडार हाय इथी, प्रदर्शनात," तो म्हणाला. "येशील?"

"पाहीन."

पण ती वेळेआधीच जाऊन बसली. पांढऱ्या साडीतच, मागच्या रांगेत.

गावात नाच, गाणी आणि सोंगांनी रात्र रात्र गाजणारी दंडार इथे मात्र जमेना. दंडारीचे मुख्य गायक वारलूभाऊ यांनी गाणं उचललं तर माईक खरखरू लागला. त्यांची बोली ऐकून पुढचे लोक हसले, काही उठलेच. इस्तारीने माईक बाजूला सारला, ढोलकी घेऊन मंचाच्या कडेला आला आणि जीव तोडून वाजवू लागला. वारलूभाऊंनी पुन्हा सूर लावला. पण मागे धृपद उचलून झील धरणाऱ्यांचा आवाज घाबरून बसला होता.

कुंता उभी राहिली. लहानपणापासून पाठ असलेली झील तिने मोकळ्या गळ्याने म्हटली. माना वळल्या. तिचे कान तापले, पण ती थांबली नाही. मग गिरणीत कामाला असलेले त्यांच्याच चांदा भागातले काही लोक तिच्या आवाजात आवाज मिसळू लागले. उठलेली माणसं परत बसली.

खेळ संपल्यावर ती पडद्यामागे गेली. इस्तारी ढोलकी बांधत होता.

"तुहा आवाज आला अन् माहा हात चुकला," तो म्हणाला.

"मले तं नाई समजलं."

"वारलूभाऊले समजलं. इचारे, ते पोरगी कोनाची?"

"मंग?"

"मी म्हनलं… अजून तं तिच्या बापाची हाय."

कुंताने पदर सारखा केला. "अजून तं?"

तो बांधलेली दोरी सोडून पुन्हा बांधू लागला. "तू सिस्टर होशीन. मी मासे धरनारा. इथलं सोडून तिकडं करमन का तुले?"

"काऊन? चामोर्शीकडं बाया बाळंत होत नाईत का?"

इस्तारीचे हात थांबले. तिच्याकडे न बघताच तो म्हणाला, "कुंता, मले तूच पायजे."

"होस्टेलचं गेट बंद होते, जातो मी," ती म्हणाली. दारापर्यंत गेली आणि वळली. "परीक्षा झाली का मी गावाले येतो. तवा बाबाले भेट. एकटा नको येऊ, वारलूभाऊले आन. तुले नीट बोलता येत नाई."

उन्हाळ्यात इस्तारी आणि वारलूभाऊ तिच्या घरी आले. कुंताचे वडील, मनसाराम, अंगणात जाळं विणत होते. वारलूभाऊंनी सगळं रीतसर सांगितलं. मनसारामांनी मान वर केली नाही.

"पोरीले इचारलं का?"

"इचारलं," इस्तारी म्हणाला.

"काय म्हनली मंग?"

इस्तारीने वारलूभाऊंकडे पाहिलं. ती काय म्हणाली होती, ते त्याला आठवेना… कारण ती तसं काही म्हणालीच नव्हती.

"हो म्हनतो, बाबा," कुंता आतून म्हणाली.