तीन हिसके

मार्च एक्याण्णवमधल्या एका दुपारी मी कुवेतच्या राई भागातल्या एका गॅरेजमागे पाण्याचा टँकर भरत उभा होतो. बारा वाजले होते, पण हेडलाइट लावल्याशिवाय पाइपचं तोंड दिसत नव्हतं. तेलाच्या विहिरी जळत होत्या आणि त्यांचा धूर सूर्यावर बसला होता. आम्हाला सवय झाली होती. वाळत घातलेला शर्ट काळे ठिपके घेऊनच परत यायचा.

युद्धात आमच्या भागातले बंब गेले, म्हणून शेजारच्या रिग्गई वस्तीतल्या आम्ही सहा जणांनी आगी विझवायचं काम अंगावर घेतलं होतं. म्होरके जगन्नाथभाऊ, देवगडकडचे वेल्डर. मी लॅबमधला टेक्निशियन. मला वाटायचं, सभा घ्याव्यात, पत्रकं काढावीत, अख्ख्या वस्तीला आठवड्यात तयार करावं. भाऊ हसायचे. "बीएस्सी, आधी दोर धरूक शीक."

आत शिरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा, दुसरं टोक बाहेरच्याच्या हातात. दोन हिसके म्हणजे ठीक आहे, तीन म्हणजे ओढा. आणि आतलं टोक परत येईपर्यंत बाहेरच्याने दोर सोडायचा नाही. मरण आलं तरी.

टँकर घेऊन रिग्गईत आलो, तर एका दुमजली घराच्या वरच्या खिडकीतून धूर येत होता. घरमालक ऑगस्टमध्ये, इराकी सैन्य शिरलं तेव्हाच निघून गेले होते. राखणीला मागे राहिली होती बिल्कीस, हैदराबादची स्वयंपाकीण. आमचा शत्रुघ्न सुतार तोंडाला ओलं फडकं बांधून आत गेला. दोर माझ्या हातात होता.

"लवकर ये रे!"

"का, तुझं जेवण निवतंय?" आतून आवाज आला.

दोन हिसके. जरा वेळाने पुन्हा दोन. मग बराच वेळ काहीच नाही. जळक्या रबराचा वास पायऱ्या उतरत खाली येत होता.

इतक्यात घराच्या मागून हाक आली. शत्रुघ्न बिल्कीसला धरून येत होता. दोर अपुरा पडला, तेव्हा त्याने तो कमरेचा सोडून एका दाराच्या कडीत अडकवला होता आणि तिला घेऊन मागच्या जिन्याने उतरला होता. मी हातातला दोर टाकला, धावलो आणि त्याला मिठी मारली.

भाऊ आले नाहीत. ते जमिनीवरच्या दोराकडे बघत होते.

दोर हलला. तीन हिसके. थांबून... पुन्हा तीन.

"गाठ मारलंस कडीक?"

"नाही भाऊ. नुसता अडकवलाय."

मी बिल्कीसकडे वळलो. "अंदर और कोई है?"

"कोई नई, भाई. सात महीने से मैं अकेलीच हूं."

मी धावत जाऊन दोर उचलला. दोघांनी मिळून ओढायला घेतलं. दुसऱ्या टोकाला वजन होतं. फार नव्हतं. जिन्यावरून मऊसा आवाज आला. मग थोडी उसंत, मग पुन्हा तसाच आवाज. कुणीतरी एकेका पायरीवर बसत खाली यावं, तसा.

"हळू..." भाऊ पुटपुटले. "माणूस आसा..."

शेवटच्या पायरीवर दोर एकदम ढिला पडला. मी गुडघ्यांवर आत शिरलो आणि जमीन चाचपत जिन्यापर्यंत गेलो. कुणी नव्हतं. आग विझल्यावर आम्ही सहाही जणांनी खोल्या, कपाटं, गच्ची, सगळं पाहिलं. कुणीच नव्हतं.

बाहेर येऊन मी दोराचं टोक उचललं. त्याला गोल फास होता, घट्ट गाठीचा. शत्रुघ्नने तो पाहिला आणि हात मागे घेतला. "ही माझी गाठ नाही." त्याच्या कमरेच्या निम्म्यानेही तो फास नव्हता; लहान मुलाच्या कमरेला बसेल एवढाच.

मी दोर टाकला होता. तेवढ्या वेळात किती वेळा ओढलं असेल कुणी? आत कोण होतं, ते मला आत्ताच्या आत्ता कळायला हवं होतं. मी गाठीत नखं घातली.

बिल्कीसने तो फास तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ती दोन पावलं मागे सरली.

"गांठ नक्को खोलो, भाई..."

"क्यूं? कौन है?"

तिने ओढणीचा बोळा तोंडाशी धरला आणि मान हलवत राहिली.

माझी बोटं थांबली. वारा पडलेला होता. धुराखाली रस्ता गप्प होता. माझ्या तळहातावरचा फास हलकेच फुगला, निजलेल्या माणसाचं पोट फुगतं तसा, आणि हळूहळू खाली बसला.

मग पुन्हा फुगला.