दोन शब्दांमधली मोकळी जागा

कुर्लीने पुन्हा तेच उत्तर पाठवले: फाइल सापडली नाही.

मितालीला काही कळेना. फाइल तर पडद्यावर तिच्या डोळ्यांसमोर दिसत होती.

कुर्ली हे पाण्याखाली चालणारे यंत्र. आकार खेकड्यासारखा, म्हणून हे नाव. समुद्रात वाहून गेलेली तुटकी जाळी कापून बाहेर काढणे हे तिचे काम. तिला बनवले होते मितालीच्या आत्याने, म्हणजे डॉ. सुनेत्रा तांडेल यांनी. सुट्टीत माडबाव या किनाऱ्यावरच्या गावी आलेली मिताली आत्याबरोबर सौरहोडीतून रोज समुद्रावर जाई.

त्या सकाळी खडकांच्या रांगेपलीकडे त्यांना एक कासव दिसले. त्याचे पुढचे पाय जुन्या नायलॉनच्या जाळ्यात गुरफटले होते आणि जाळ्याचे दुसरे टोक खाली खडकात अडकले होते. कासव समुद्रात राहते, पण श्वास मात्र हवेत येऊनच घेते. याचे नाक जेमतेम पाण्याबाहेर येत होते. त्यात भरती चढत होती. पाणी आणखी वाढले की जाळे त्याला वर येऊ देणार नव्हते.

खडकांमधून होडी नेणे शक्य नव्हते, म्हणून आत्याने लांब तार जोडून कुर्लीला पाण्यात सोडले. होडी खडकांवर आपटू नये म्हणून ती स्वतः सुकाणू धरून बसली आणि होडीतला संगणक मितालीकडे आला. मितालीने कमांड (संगणकाला टाइप करून दिलेली आज्ञा) दिली:

चालव /साधने/जाळी कापणे/सावकाश

‘चालव’ हे करायचे काम. पुढचा सगळा भाग म्हणजे पाथ (फाइल कुठे ठेवली आहे तो पत्ता). ‘साधने’ या कप्प्यात ‘जाळी कापणे’ हा कप्पा, आणि त्यात ‘सावकाश’ नावाचा प्रोग्रॅम. कासवाला इजा न करता जाळे कापायचे, तर तोच हवा होता.

आत्याने तिला उत्तर पूर्ण वाचून दाखवायला सांगितले. मितालीने वाचले. ‘/साधने/जाळी’ सापडले नाही. ‘कापणे/सावकाश’ सापडले नाही.

“दोन तक्रारी कशा?” ती म्हणाली. “मी एकच वस्तू सांगितली होती.”

“तू एकच सांगितलीस. तिला दोन ऐकू आल्या.”

सुकाणूवरची नजर न हलवता आत्याने समजावले. घरी कुणी काळे वाटाणे आणायला सांगितले, तर ती एकच वस्तू आहे हे आपल्याला कळते, कारण आपण काळ्या वाटाण्यांची उसळ खाल्लेली असते. संगणकाने ती खाल्लेली नाही. तो ‘काळे’ वेगळे शोधेल आणि ‘वाटाणे’ वेगळे. एक गोष्ट कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली, हे ओळखायला त्याच्याकडे एकच खूण असते, ती म्हणजे स्पेस (दोन शब्दांमधली मोकळी जागा). आणि ‘जाळी कापणे’ या नावात नेमकी तीच होती.

म्हणजे हे सगळे एकच आहे, असे त्याला सांगायला हवे. मितालीला मराठीच्या तासाला शिकवलेली अवतरणचिन्हे आठवली. कुणाचे बोलणे कुठून कुठवर आहे ते त्यांच्यामुळे कळते. तिने विचारले, चालतील का? आत्याने होकारार्थी मान हलवली. मितालीने टाइप केले:

चालव "/साधने/जाळी कापणे/सावकाश"

उत्तर आले. त्याच दोन तक्रारी.

कुर्लीच्या कॅमेऱ्यात कासवाचे नाक आता प्रत्येक लाटेखाली जात होते. चिन्हे बरोबर होती, नाव बरोबर होते, मग चूक होती कुठे?

मितालीने पडद्यावरून बोट फिरवले आणि ते तारेवर येऊन थांबले. आपण टाइप करतो ते आधी होडीतला संगणक वाचतो. मग तो ते तारेतून कुर्लीला पाठवतो.

“आत्या, वाचणारे दोघं आहेत ना? मग पहिल्याने चिन्हं स्वतःसाठी वापरली आणि काढून टाकली, तर कुर्लीला काय दिसेल?”

आत्याने पहिल्यांदाच मागे वळून पाहिले. “मोकळी जागा दिसेल. चिन्हं दिसणार नाहीत. दोन आवरणं घाल, मिताली. बाहेरचं होडीसाठी, आतलं कुर्लीसाठी.”

मितालीने बाहेरून एकेरी आणि आतून दुहेरी चिन्हे घातली, म्हणजे दोन्हींची गल्लत होणार नाही.

चालव '"/साधने/जाळी कापणे/सावकाश"'

होडीच्या संगणकाने एकेरी चिन्हे उतरवली. दुहेरी चिन्हांत गुंडाळलेला पत्ता तसाच अखंड कुर्लीपर्यंत पोचला. पडद्यावर एकच ओळ उमटली: ‘सावकाश’ सुरू.

कुर्लीने नांगी पुढे केली. एक दोरा तुटला, मग दुसरा. डावा पाय सुटला. लाट आली, कासव दिसेनासे झाले आणि मिताली श्वास रोखून बसली. लाट सरली तेव्हा ते चांगले वर, मोकळ्या पाण्यात होते. दोन्ही पाय पसरून त्याने लांब श्वास घेतला. त्याचा फुस्स आवाज होडीपर्यंत ऐकू आला. मग ते खोल समुद्राकडे निघून गेले. आत्या सुकाणू सोडू शकत नव्हती, म्हणून मितालीनेच जाऊन तिला मिठी मारली.

दुपारी किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत आत्या त्या कप्प्याचे नाव ‘जाळी_कापणे’ असे बदलू लागली. पुष्कळ लोक मोकळ्या जागी अशी रेघ देतात, म्हणजे पत्ता तुटायची भीतीच राहत नाही. मितालीने तिला थांबवले. उद्या गावातले लोक कुर्लीला कामे सांगतील तेव्हा ते बोलतात तशीच नावे देतील, तिने म्हटले. नावे अखंड पुढे पोचवणे होडीच्या संगणकालाच शिकवता येणार नाही का?

आत्याला ते पटले. दोघींनी मिळून प्रोग्रॅम बदलला. आता होडीचा संगणक कुठलाही पाथ पुढे पाठवताना त्याला कुर्लीसाठीची चिन्हे स्वतःच घालणार होता. तपासायला मितालीने मुद्दाम लांबलचक नावाचा कप्पा निवडला. त्यातला प्रोग्रॅम चालवायला तिने होडीसाठीचे एकच आवरण घातले:

चालव "/साधने/वाळूत रुतलेला सगळा कचरा उचलणे/भरभर"

किनाऱ्यालगतच्या पाण्यात सोडलेली कुर्ली क्षणभर थांबली. मग पाण्यातून बाहेर येऊन, दोन्ही नांग्या उघडून ती वाळूवरून भरभर चालू लागली.