पुढची जागा

कंदील जरा पलीकडं सरका, डोळ्यांवर येतोय. आणि मधे कुणी काही विचारू नका. ही गोष्ट सांगताना एकदा थांबलो, की मला पुन्हा सुरू करता येत नाही.

ज्याच्यावर हे बेतलं तो निपाणीचा नेमिनाथ मगदूम माझ्याबरोबर शाळेला होता. त्यानं हे मला एकदाच सांगितलं, मान खाली घालून. मी पदरचं काही घातलेलं नाही.

सन सेहेचाळीस. डिसेंबरची सतरा तारीख, मंगळवार. नेमिनाथ त्या दिवशी बेळगावला गेला तो एक पिशवी करून घ्यायला. एवढंच काम होतं.

तो निपाणीच्या एका पेढीचे तंबाखूचे नमुने गावोगाव पोचवायचा. लढाई संपल्यावर मिलिटरीनं जुन्या मोटरसायकली लिलावात काढल्या, त्यातली एक त्यानं घेतली होती. नमुन्याच्या पुड्या मागच्या कॅरिअरला बांधायचा. पण रस्ता खडीचा. बेळगावात पुडी उघडावी तर पानाचा पार भुगा झालेला. मग त्यानं एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या गाडीवर पाहिलं, पेट्रोलच्या टाकीवरच पिशवी बसवलेली. पुढं, डोळ्यांसमोर. धक्का नाही, धूळ नाही. तेव्हापासून त्याच्या डोक्यात तेच. फक्त कातड्याची नको, कारण घर श्रावकाचं, जैनाचं; त्याची बायको राजमती उंबऱ्याच्या आत कातडं येऊ द्यायची नाही.

बरोबर ब्राह्मी होती. त्याची एकुलती पोर, सहा वर्षांची. टाकी ही तिची जागा. वाकळेची घडी टाकीवर घालायची, तिच्यावर ही बसायची, दोन्ही हात हँडलच्या मधोमध. गल्लीत सगळ्यांना सांगायची, "फटफटी मी चालवते. आप्पा नुसते मागं बसत्यात."

बेळगावच्या कॅम्पात कंग्राळीचा भरमू तंबू शिवायचा. हाताचा पक्का माणूस. त्यानं टाकीचं माप घेतलं, मिलिटरीच्या जाड कॅनव्हासची पिशवी शिवली, रंग खरवडू नये म्हणून तळाला घोंगडीचा तुकडा लावला. दोन पट्टे पुढं हँडलच्या मानेला, दोन मागं सीटच्या खाली. बक्कल ओढून त्यानं हँडल या टोकाला फिरवलं, त्या टोकाला फिरवलं.

"कुठं अडकत न्हाय बघा, अण्णा. पेट्रोल घालताना मागचे दोन पट्टे तेवढे सोडायचे आन् पिशवी म्होरं उलथायची. वडाताण करायची न्हाय."

रिकामी पिशवी चपटी दिसत होती. भरमूनं जुनी वर्तमानपत्रं चुरगाळून आत कोंबली, तशी ती टुमटुमीत झाली. नेमिनाथ चार पावलं मागं सरून पाहत राहिला. भारी दिसत होती.

"आन् पोरगी कुठं बसायची?" भरमूनं विचारलं.

"मागं. कॅरिअरवर."

ब्राह्मीनं वाकळ छातीशी धरली होती. ती पुढं आली आणि तिनं पिशवीचे दोन्ही पट्टे मुठीत धरले. "आप्पा, मी म्होरंच बसते."

"मागं बस म्हणलं न्हवं?"

"म्होरं माझी जागा हाय."

भरमू म्हणाला, "आजच्या दिस पिशवी मागं बांधू या की. आत नुसती रद्दी तर हाय."

"मग एवढी बशिवली कशाला? वाटंत कशी ऱ्हाते बघाय नको?"

पोर पट्टे सोडेना. नेमिनाथनं तिची बोटं सोडवली. एकेक करून. करंगळी शेवटची. ती रडली नाही. तेच त्याला पुढं आयुष्यभर आठवत राहिलं.

भरमूनं निवारीच्या पट्टीचा एक लांब तुकडा आणला. "पोरीला कमरंला बांधून घ्या, अण्णा. डुलकी लागंल."

"बांधाय ती काय वासरू हाय?" नेमिनाथ हसला आणि त्यानं किक मारली.

तीन वाजून गेले होते. दिवस मावळायच्या आत घरी पोचायला हवं होतं, कारण मावळल्यावर त्यांच्या घरात कुणी जेवत नसे. त्यानं गाडी काढली. काकती मागं पडली. पोरीनं वाकळेच्या घडीवर बसून मागून त्याचा कोट दोन्ही मुठींत धरला होता. मधूनमधून तो मान न वळवता विचारायचा, "ब्राह्मी, झोपलीस काय?"

"न्हाय."

तिनं आप्पा म्हटलं नाही. रुसली होती. असू दे, तो मनात म्हणाला, रुसली की जागी तरी राहील.

पिशवी झकास बसली होती. जागची हलत नव्हती. हत्तरगीच्या अलीकडं एक मोरी आहे. तिच्यावर खड्डा होता, तो त्याला दिसला तो अगदी चाकाखाली आल्यावर. गाडी उडाली, आपटली, वाकडी होऊन सरळ झाली. त्याचा डावा हात आपसूक गेला तो पिशवीवर. चारही पट्टे जागच्या जागी. भरमूचं काम, तो मनात म्हणाला. कोटावरची मूठ सुटल्यासारखी वाटली. मग पुन्हा आली.

"भ्यालीस काय गं?"

मैलभर वाट मागं पडली.

"न्हाय, आप्पा."

आप्पा म्हणाली. रुसवा गेला, त्याला बरं वाटलं.

संकेश्वर गेलं. ऊन कलतं झालं. तवंदीचा घाट चढताना गार वारं सुटलं, तेव्हा त्यानं पुन्हा विचारलं, "झोपलीस काय, बाळ?"

"न्हाय, आप्पा. झोपले न्हाय."

आवाज अगदी कानाशी.

निपाणीत दारात गाडी उभी केली तेव्हा दिवस मावळतीला टेकला होता. राजमती दारातच उभी होती. त्यानं पिशवीवर थाप मारली. "बघ कशी बसलीया."

राजमतीनं पिशवीकडं पाहिलं. मग त्याच्या मागं पाहिलं.

"अवो, ब्राह्मी कुठाय?"

तो वळला.

कॅरिअरवर कुणी नव्हतं.

"उतरून आत गेली असंल," तो म्हणाला.

"मी दारातच हाय की मघाधरनं."

त्यानं तिला पुढं बोलू दिलं नाही. बॅटरी घेतली आणि आल्या वाटेनं परत फिरला. घाटातच पडली असणार. आत्ता तर बोलली होती. ओरडत, थांबत, दोन्ही बाजूंच्या चरांत बॅटरी मारत तो गेला. अंधार पडला. वद्य पक्ष, चंद्र उगवायला मध्यरात्र होणार. घाटात एक गाडीवान भेटला. त्यानं काही पाहिलं नव्हतं.

आठचा सुमार असेल.

घाट निम्मा झाला. वळण आलं.

कोटाला ओढ लागली. दोन मुठी. बारक्या.

मन म्हणालं, सापडली. कुठून आली, कशी चढली, काही नाही. सापडली.

"ब्राह्मी?"

"आप्पा…"

"बाळ, हाईस न्हवं?"

"आप्पा… मी म्होरं बसू?"

त्यानं गाडी थांबवली. इंजिन बंद झालं. रान एकदम गप्प.

तो मागं बघेना. बघायचं धाडस होईना. हात पिशवीच्या पट्ट्यांवर गेले. एक बक्कल निघालं. दुसरं निघेना. बोटं सोलली. भरमूनं हात राखून शिवलीच नव्हती. त्यानं खिशातला चाकू काढला. पट्टे कापले. पिशवी उचलली आणि दरीत फेकली. खाली कुठंतरी कागद खुळखुळला.

टाकी मोकळी झाली.

"ये, बाळ. बस म्होरं."

…

"ये की. तुझीच जागा हाय."

…

वारं नाही. किडा नाही. कोटावरच्या मुठी आता नव्हत्या. त्यानं हात मागं नेला. हळू. कॅरिअरला हात लागला.

लोखंड. वर दहिवर.

तो किती वेळ तसा बसला त्याला सांगता आलं नाही. मग पुढं निघाला. आता घाटात शोधलं नाही त्यानं. का, तेही सांगता आलं नाही. सरळ गेला. संकेश्वर ओलांडलं. हत्तरगीच्या पलीकडं त्याच मोरीजवळ एका खोपटाबाहेर चिमणी जळत होती आणि चार माणसं उभी होती.

खोपट मालुबाई नावाच्या म्हातारीचं. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पोरीचा बा तूच काय?"

तिनं चिमणी उचलली. आत घोंगडीवर ब्राह्मी होती. वाकळ अंगावर घातलेली. कानाजवळ थोडं रक्त, वाळलेलं. बाकी कुठं ओरखडासुद्धा नाही.

मालुबाई तिथंच उंबऱ्यावर बसली आणि सांगू लागली. तिनं आवाज चढवला नाही, शिव्याही दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नेमिनाथ मला म्हणाला.

"मोरीवर पडली. मी म्हसरं घिऊन हितंच हुते. पडली ती लगी उठली बघ. तुझ्या मागनं पळाली. आप्पा थांबा, आप्पा थांबा… त्या वडाच्या झाडापतोर पळाली. तू मागं बघिटलंच न्हाईस. लांबनं दिसत हुतास मला. एक हात म्होरं ठिवलावतास."

नेमिनाथनं तो हात दुसऱ्या हातानं धरला.

"मग बसली. मग आडवी झाली. मी उचलून आणली. डोकं मांडीवर घेतलं, पाणी घातलं तोंडात. म्हणलं, बाळे, झोपू नगं. तर मधीच बोलायची. माझ्यासंगं न्हवं. डोळे मिटल्यालेच. न्हाय, आप्पा, म्हणायची. मग जरा दमानं, न्हाय आप्पा, झोपले न्हाय. मी म्हणलं, कुणासंगं बोलतीया ही? हितं तर कोण न्हाय."

नेमिनाथ भिंतीला टेकून खाली बसला.

"दोनदा असं बोलली. मग न्हाय बोलली."

"कवा गेली?" त्यानं विचारलं.

"दिस मावळायला."

दिवस मावळताना तो आपल्या दारात उभा होता. पिशवीवर थाप मारत.

गाडी त्यानं तिथंच टाकली, पुन्हा कधी आणायला गेला नाही. गावकऱ्यांनी बैलगाडी जुंपून दिली. पोरीला मांडीवर घेऊन तो रात्रभर बसला. चंद्र चांगला वर आला तेव्हा बैल घाट चढत होते. त्या वळणावर बैल थांबले, गाडीवानानं दोनदा हाकलल्यावर चालले. तिथं त्यानं पुन्हा एकदा विचारलं म्हणे. तोंड तिच्या कानाशी नेऊन. झोपलीस काय, बाळ.

…

उत्तर आलं नाही. त्यानंतर कधीच आलं नाही.

उजाडताना बैलगाडी दारात आली. गल्ली गोळा झाली. राजमती दारातच बसलेली होती, रात्री बसली होती तशीच. पोरीला खाली उतरवू लागले तर तिनं हात आडवा केला.

"अंगणात पाय टाकू नगा," ती म्हणाली. "कडंनं या."

बायकांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. मग राजमतीनं बोट दाखवलं.

आदल्या दिवशी तिनं गेल्या हंगामाचा तंबाखू अंगणात वाळत घातला होता. संध्याकाळी पानं उचलली, तरी पिठासारखी बारीक भुकटी अंगणभर राहिली होती. नेमिनाथनं गाडी उभी केली होती तिथं तिच्या दोन्ही चाकांचा माग होता, इंजिनाखाली तेलाचा थेंब होता.

मागच्या चाकाच्या मागापासून पावलं निघाली होती. अनवाणी. एवढी-एवढीशी. डावं, उजवं, डावं. नीट अंगण ओलांडून उंबऱ्यापर्यंत आलेली.

आत येणारीच होती सगळी. बाहेर जाणारं एकही नव्हतं.