मथुरामावशीच्या घरचा घास

"पातेलं न्यायला आलात ना? न्या की. बाई गेली, आता पातेल्याला तरी इथं कोण आहे!"

मी अजून चप्पलही काढली नव्हती. मथुरामावशीच्या खोलीच्या उंबऱ्यावर एक तरुण बसला होता. उंच, उन्हानं रापलेला, मांडीवर वर्तमानपत्राच्या कागदात पाव आणि हातात चहाचा कप. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानं मात्र पहिल्याच वाक्यात मला पातेलंचोर ठरवून टाकलं होतं.

"आपण कोण?" मी शाळेतला आवाज लावला. मी सातवीला मराठी शिकवते. तो आवाज सहसा वाया जात नाही.

"जयसिंग."

"आणि इथं कसे आलात?"

"सायकलवर." त्यानं शांतपणे पाव चहात बुडवला.

मला रागही आला आणि हसूही. पण त्याचे डोळे पाहिले आणि हसू परत फिरलं. खूप दिवस झोप न झालेल्या माणसाचे डोळे होते ते.

पंच्याऐंशी सालचा ईस्टर नुकताच झाला होता. मथुरामावशी गेली ती नेमकी ईस्टरआधीच्या दुःखसप्ताहात. गुरुवारी तिला माती दिली, शुक्रवारी येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना, आणि रविवारी पहाटे घोरपडीची आमची सगळी मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, कंदील घेऊन कबरस्तानात. 'प्रभू उठला आहे! खरोखर उठला आहे!' सगळे एकमेकांना सांगत होते आणि मावशीच्या कबरीवरची माती अजून ओली होती. मी तिथं मोगरा ठेवला. पुढचं गीत मला म्हणता आलं नाही.

मावशी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नाही. पण मंडळीत कुणाकडे मयत झाली की पाळकसाहेबांच्या आधी मावशीचं पातेलं त्या घरी पोचायचं. मयताच्या घरी चूल पेटत नाही. सोयऱ्याधायऱ्यांनी किंवा शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी न्यायची, दुःखातल्या माणसाला दोन घास खायला लावायचे. त्याला कडू घास म्हणतात. आमच्या पणजोबांनी धर्म बदलला, रीत काही बदलली नाही. माझी आई गेली तेव्हा मावशीनं मला मांडीवर घेऊन भरवलं होतं. ती हसली नाही, रडली नाही, 'देवाची इच्छा' वगैरे काही बोललीही नाही. नुसती भरवत राहिली.

आता येत्या रविवारी तिच्या आठवणीत प्रीतिभोजन ठरलं होतं. सगळ्या मंडळीनं एकत्र जेवायचं. तेवढं मोठं पातेलं मावशीकडेच होतं, म्हणून मंडळीच्या चिटणीसांनी मला पाठवलं होतं. चिटणीस म्हणजे माझे वडील, आप्पासाहेब आढाव.

मी पातेलं उचललं आणि वळवाचा पाऊस कोसळला. पत्र्यावर नुसता धडधडाट!

"डोक्यावर घ्या," तो म्हणाला. "भिजणार नाही."

"तुम्ही सगळ्यांशी असंच बोलता?"

"नाही. मांजरी गावाला ऊस संशोधनाच्या शेतावर असतो मी. तिथं समोर ऊस असतो. तो उलट प्रश्न विचारत नाही."

मी पातेलं खाली ठेवलं. उंबऱ्यावर दोघांना जागा नव्हती, तर तो उठून आत भिंतीला टेकला आणि मला उंबरा दिला. पावसाचे थेंब माझ्या पायावर येत होते. मी विचारलं, "मावशीचे तुम्ही कोण?"

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "माझी जन्म देणारी बाळंतपणात गेली. मावशीच्याच दवाखान्यात, ती घोरपडीला यायच्या आधी. बाप – गेनबा – ऊसतोडीला जायचा. एवढंसं पोर घेऊन तो काय करणार? आईनं मला ठेवून घेतलं."

"कोणत्या आईनं?"

"मला एकच हाय," तो एकदम तडकला. मग स्वतःच ओशाळला. "रागावलो की माझी भाषा मांजरीला जाते... मी शाळेच्या वयाचा झालो, बापानं दुसरं लग्न केलं आणि मला घेऊन गेला. पण दर रविवारी दुपारी मी इथं येतो." तो थांबला. "यायचो."

"आम्ही कधी पाहिलं नाही तुम्हाला."

"रविवारी दुपारी तुम्ही सगळे जेवून झोपता."

हे मात्र खरं होतं.

"मावशी कधी बोलली नाही..."

"तुम्ही कुणी विचारलंत?"

जिचं पिठलं आम्ही प्रत्येकानं खाल्लं, तिच्या रविवारच्या दुपारी कशा जातात हे एकानंही कधी विचारलं नव्हतं. विषय बदलायचा म्हणून मी त्या कागदातल्या पावाकडे बोट दाखवलं. "हे काय जेवण झालं? चूल आहे की घरात."

"घास आल्याशिवाय चूल पेटवायची नसते. तिनंच शिकवलंय."

त्यानं हे अगदी साधेपणानं सांगितलं. तक्रार नव्हती त्यात. इतकी वर्षं जिनं हे काम एकटीनं केलं तिच्याच घरी घास न्यायचा असतो, हे मंडळीत कुणाच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. आलं असतं तरी न्यायचा कुणाला? मातीच्या वेळी माझ्या वडिलांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं – 'मथुराबाईंच्या मागे कोणी नाही.' तेव्हा हा कबर खणणाऱ्यांच्या शेजारी उभा होता म्हणे. सगळ्यांच्या शेवटी त्यानं मूठभर माती टाकली आणि कुणी त्याला सलामही केला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्याबरोबर मी घरी जाऊन पिठलं-भाकरी केली. भाकरीला नकाशाचा आकार आला, पण भाजली छान. डबा घेऊन मी त्याच्या दारात उभी राहिले.

त्यानं डबा पाहिला. हात पुढे केला नाही.

"नको."

"अहो, उशीर झाला, मान्य. पण–"

"उशिराचं नाही. हा घास सोयऱ्यांनी आणायचा असतो. तुम्ही कोण माझ्या?"

"मावशी कुठं सगळ्यांची सोयरी होती?"

"ती म्हणायची, ज्याला कुणी नाही त्याची मी. आणि म्हणायची ते निभवायची. ज्या घरी घास नेला त्या घरच्या बारशाला गेली, दुखण्याला गेली. तुम्ही आज पिठलं द्याल. उद्या तुमच्या मंडळीसमोर मला ओळख द्याल?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यानं पाहिलं याचाच मला जास्त राग आला.

"रागावू नका," तो हळूच म्हणाला. "पिठलं वाया घालवू नका."

"वाया कशाला जाईल? मी खाते!"

आणि मी खरंच तिथंच बसले, डबा उघडला आणि रागारागानं जेवायला लागले. पहिल्याच घासाला ठसका लागला. तो पाणी घेऊन धावला आणि हसला. पहिल्यांदाच. हसताना तो अगदीच लहान दिसायचा... मला ते हसू पुन्हा पाहावंसं वाटलं. म्हटलं, हेमाबाई, सांभाळा आता.

सांभाळते कसली! शनिवारी सकाळी मी कबरस्तानात गेले ती मावशीसाठी, असं मी स्वतःला बजावत होते. तो तिथं होताच. वळवानं कबरीवरची माती खचली होती, ती तो हातानं सारखी करत होता. मीही ओढणी खोचून बसले. मातीत आमचे हात एकमेकांच्या जवळ येत होते आणि दोघंही ते लगेच दूर नेत होतो.

"उद्याच्या जेवणाला या," मी म्हटलं.

"येईन. लांब बसेन. मग पाळकसाहेबांना खोलीची किल्ली देईन आणि जाईन."

"परत कधी?"

"आता इकडं यायला कारण काय उरलं?" तो मातीकडे पाहत म्हणाला. "बाकी दिवस कामात जातात हो. रविवारची दुपार... तिचं काय करायचं, तेच कळत नाही."

वरच्या कडुलिंबाचा मोहर वाऱ्यानं गळत होता. त्याच्या केसांत पडला होता. मी तो काढला नाही, नुसती बघत राहिले.

"मी झोपत नाही रविवारी दुपारी," मी म्हटलं.

"खोटं."

"झोपते. पण... जागी राहीन."

त्यानं वर पाहिलं. किती वेळ कुणास ठाऊक. मग मान खाली घालून म्हणाला, "असलं बोलू नका. मी खरं धरून बसेन."

मला त्याच क्षणी कळलं. हा माणूस उद्या किल्ली देऊन गेला, तर माझ्या सगळ्याच दुपारी रिकाम्या होणार होत्या.

संध्याकाळी मी वडिलांजवळ बसले. ते उद्याचं भाषण मनाशी घोळवत होते.

"आप्पा, मथुरामावशीला मुलगा आहे."

ते दचकलेच. "हेमा! लग्न न झालेल्या बाईबद्दल बोलते आहेस तू. मेलेल्या माणसाची अब्रू कशी घालवू नये, एवढं तरी शिकवलंय ना मी तुला?"

"तसं नाही हो आप्पा, तिनं सांभाळलेला–"

"एक शब्द नको." ते उठून गेले. मावशीची अब्रू सांभाळण्याच्या नादात त्यांनी तिचा मुलगाच नाकारला होता, आणि तेही अगदी सद्भावनेनं. माझ्या वडिलांशी भांडणं म्हणूनच अवघड आहे.

रविवारी उपासनेनंतर आवारात मांडवाखाली पंगत बसली. जयसिंग शेवटच्या टोकाला, चपला काढायच्या जागेजवळ बसला. त्याच्या आजूबाजूला कुणी नव्हतं. आप्पा उभे राहिले. मावशीनं कुणाकुणाला काय दिलं ते त्यांनी फार सुंदर सांगितलं. बायका डोळे पुसत होत्या. आणि मग त्यांनी माझ्याकडे एक करडी नजर टाकून मुद्दाम सावकाश म्हटलं, "अशा या माउलीच्या मागे कोणी नाही. कोणीही नाही."

शेवटच्या टोकाला जयसिंगनं ताट बाजूला सारलं. तो उठायला लागला.

मी आधी काही ठरवलं नव्हतं, खरंच सांगते. मी वाढायला उभी होते. हातात भाकऱ्यांची परडी होती. मी ती पंगतीमधून सरळ त्याच्यापर्यंत नेली. वाटेत कुणाच्या तरी पाण्याच्या पेल्याला माझी लाथ लागली.

"बसा," मी म्हटलं.

"हेमा, नको... लोक बघतायत." त्यानं पहिल्यांदाच माझं नाव घेतलं.

"बघू देत." मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले, भाकरी मोडली, पिठल्याला लावली. मग मान वळवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हा मथुरामावशीचा मुलगा. पोटचा नाही, तिनं वाढवलेला. तिच्या घरी आपण कुणीच घास नेला नाही. तो आजपर्यंत वाट बघत होता."

पंगतीत कुणाचा तरी हात घासासकट तसाच थांबला.

जयसिंग अगदी हळू म्हणाला, "आणि तुम्ही कोण माझ्या?"

"तुम्ही म्हणाल ती. पण आजच्यापुरती नाही."

त्यानं तोंड उघडलं. घास घेतला. तो चावता चावता त्याचा चेहरा पिळवटत गेला आणि इतक्या दिवसांचं सगळं रडू बाहेर आलं – हुंदके देत, ओरडून, लाज न धरता. "आई," तो म्हणत होता, "आई गेली माझी." मी भरवत राहिले. त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर आधी एक म्हातारी येऊन बसली, मग दुसरी. कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आप्पांचं ताट मात्र तसंच होतं. ते मांडवातून निघून गेले होते.

"तुमचे वडील उपाशी गेले," जयसिंग डोळे पुसत म्हणाला. "जा."

"जाते. तुम्ही थांबाल?"

"थांबतो."

आप्पा चर्चच्या मागच्या पायऱ्यांवर बसले होते. मी दोन पायऱ्या खाली बसले. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मला वाटलं, आता कायमचंच बोलणार नाहीत.

"मुलगा काय करतो?" त्यांनी विचारलं.

"मांजरीला असतो. उसाच्या शेतावर."

"आपल्यातला नाही."

"नाही."

"हं." त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला नाही. "मथुराबाईंना काय म्हणायचा तो?"

"आई."

आप्पांची हनुवटी थरथरायला लागली. माझी आई गेली तेव्हासुद्धा मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"त्याच्या देखत म्हणालो मी, हेमा. मातीच्या वेळीही म्हणालो. पोरगं तिथं उभं होतं आणि मी..." मी त्यांचा हात धरला. मांडवातून भांड्यांचे आवाज येत होते. पंगत पुन्हा सुरू झाली होती.

थोड्या वेळानं ते उठले. सदरा ताठ केला, चष्मा चढवला, पुन्हा चिटणीस झाले.

"चल. त्याची माफी मागतो. सगळ्यांसमोर म्हणालो, तर माफीही सगळ्यांसमोर."

"आप्पा..."

"तुमच्या दोघांचं मी काही बोललेलो नाही," ते करड्या आवाजात म्हणाले. "त्याच्या बापाला आधी भेटावं लागेल. ते एवढं सोपं नाही, हे लक्षात ठेव."

आणि पायरी चुकू नये म्हणून त्यांनी माझा खांदा धरला.