मैनेच्या बदल्यात पोलीस गाडी

"काका, माझं एक वाक्य तरी पूर्ण ऐकून घ्याल का?"

सकाळपासून अबोलीने हे चौथ्यांदा विचारलं होतं. विजयकाकांनीही चौथ्यांदा "हो हो, बोल ना!" असं म्हटलं आणि आरशात बघून भांग पाडत राहिले.

अबोलीने कपाळावर हात मारला. अकरा वाजता मैना जाणार होती, आणि काकांना भांगाची पडली होती!

मैना म्हणजे आजोबांची जुनी फियाट. तिचा हॉर्न शीळ घातल्यासारखा वाजायचा, म्हणून मैना. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली, तरी तिच्या खणात त्यांची खडीसाखरेची डबी अजून होती. सुट्टीतल्या दुपारी अबोली मागच्या सीटवर पाय पसरून गोष्टीची पुस्तकं वाचायची आणि मधूनच एक खडा तोंडात टाकायची. डबी रिकामी होऊ लागली की आई गुपचूप भरून ठेवायची. दोघीही त्याबद्दल एकमेकींशी एक अक्षर बोलायच्या नाहीत.

आणि ही मैना देऊन काका एक पोलीस गाडी आणणार होते!

काल सगळे भोपाळच्या अशोका गार्डन भागातल्या जितेंद्रसेठच्या गॅरेजमध्ये ती गाडी बघून आले होते. पांढरीशुभ्र अँबेसेडर, टपावर लाल दिवा. "साठ साल पुरानी है, भाईसाहब! भोपाल पुलिस की असली गाड़ी!" जितेंद्रसेठ छातीवर हात ठेवून म्हणाला होता. "पूरी गाड़ी चमका दी, बस ये एक दरवाज़ा नहीं छुआ. असली रंग, असली अक्षर! इसी की तो कीमत है!"

त्या दारावर फिकट निळी अक्षरं होती: पोलीस.

काकांनी त्या अक्षरांवरून असा हात फिरवला, जणू मांजरच कुरवाळत होते. तेवढ्या वेळात जितेंद्रसेठ मात्र मैनेच्या दाराची कड नखाने हळूच खरवडून बघत होता. "कभी रंग नहीं करवाया?" त्याने विचारलं. काका ओशाळून म्हणाले, "नहीं जी, पिताजी करने ही नहीं देते थे." त्यावर तो गालातल्या गालात हसला होता. अबोलीने ते बरोबर टिपलं होतं.

शेवटी आज सकाळी दात घासता घासता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"काका, त्या दारावर 'पोलीस' लिहिलंय!"

"मग? पोलीस गाडीवर काय 'दूध डेअरी' लिहितात?"

"तसं नाही हो! ते चुकीचं लिहिलंय!"

काकांनी कंगवा खाली ठेवला. "प ला ओकार, दीर्घ ली, स. शुद्धलेखन एकदम पक्कं आहे! मराठीत नापास व्हायचं आहे का तुला?"

"पण मराठीत का..."

तेवढ्यात फोन वाजला आणि काका "आलो आलो, सेठजी!" करत बाहेर गेले. अबोलीने उशीत तोंड खुपसून एक लांबलचक किंकाळी मारली.

"काय गं, उशीला काय झालं?" काकांचा प्रतीक दारात उभा होता. वय वर्षं अकरा, हातात करंजी. त्याच्यामागे शेजारची सोनल.

अबोलीने पाठीमागून हिंदीची वही काढली आणि त्यांच्यापुढे धरली. सहामाहीत तिने लिहिलं होतं, 'पोलीस ने चोर को पकड़ा.' दुबे मॅडमनी लाल गोल करून अर्धा मार्क कापला होता आणि वर पन्नास वेळा लिहायला लावलं होतं. पानभर नुसतं पुलिस, पुलिस, पुलिस!

"अय्या!" सोनल ओरडली. "हिंदीत प ला उकार आणि ऱ्हस्व लि!"

"मग भोपाळच्या पोलिसांनी स्वतःचंच नाव मराठीत कशाला लिहिलं असेल?" अबोली म्हणाली. "आपण घरी तसंच लिहितो, म्हणून काकांना खटकतच नाहीये!"

प्रतीकने करंजी खाली ठेवली. म्हणजे प्रकरण गंभीर होतं!

अकराला दहा मिनिटं कमी असताना मैना गॅरेजपुढे उभी राहिली. काका आत गेले. सोनल समोरच्या चहावाल्याशी गप्पा मारायला पळाली. ती कुणाशीही बोलू शकायची. प्रतीक 'पोलीस-पोलीस खेळतो' म्हणत अँबेसेडरच्या मागच्या सीटवर शिरला.

पाच मिनिटांत सोनल धापा टाकत परत आली. "अबोली, चहावाले भैया म्हणतात, तीन गिऱ्हाइकं ते दार बघून हसत निघून गेली. मग सेठजी भैयांना म्हणाले, अब कोई मराठी भाई ढूँढना पड़ेगा!"

अबोलीची कानशिलं तापली. आत काका फाईलवर सही करायला पेन उघडत होते.

ओरडून काही उपयोग नव्हता. सकाळपासून तेच तर चाललं होतं! तिने ओठ घट्ट मिटले, मग आत जाऊन अगदी गोड आवाजात म्हणाली, "अंकल, एक कागज़ पर लिख दीजिए ना, कि ये किसकी गाड़ी थी. काका रविवारी जुन्या गाड्यांच्या रॅलीत सगळ्यांना दाखवतील."

"वा! हे सुचलं नाही मला!" काका खूश झाले. "लिख दीजिए, सेठजी. आपके हाथ से!"

जितेंद्रसेठने ऐटीत कोरा कागद ओढला आणि झोकात लिहिलं: 'यह भोपाल पुलिस की असली गाड़ी है.' खाली सहीही ठोकली.

अबोलीने कागद उचलला, सरळ अँबेसेडरपाशी गेली आणि त्या 'असली' दारावर अक्षरांच्या शेजारी चिकटवून धरला.

"काका, आता तरी बघा! वाचा मोठ्याने. आधी कागद. मग दार."

"पुलिस," काकांनी वाचलं. "पोलीस." ते थांबले. पुन्हा वाचलं. "पुलिस... पोलीस..." त्यांचा हात भांगावर गेला आणि तिथेच राहिला.

"अरे, पुराने ज़माने में ऐसे ही लिखते थे!" जितेंद्रसेठ घाईघाईने म्हणाला.

"आणि पुराने ज़माने में हे पण लावत होते का?" सीटखालून प्रतीकचा आवाज आला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या नाकाखाली जाडजूड, एका बाजूने लोंबणारी खोटी मिशी होती! "आणि तो लाल दिवा नुसता चिकटवलाय, बाबा. वायरच नाही!"

सोनल हसून हसून खाली बसली. जितेंद्रसेठचा चेहरा मात्र पडला. मग सगळंच बाहेर आलं. गाडी नाशिककडच्या कुठल्याशा मराठी मालिकेच्या शूटिंगमधली होती. अक्षरं बदलावीत, तर 'हात न लावलेलं दार' कुठून दाखवणार?

"आणि आमची मैना कशाला हवी होती?" अबोलीने दरडावून विचारलं.

उत्तर चहावाल्याने दारातून दिलं. "बिटिया, कंपनी के असली रंग वाली फियाट! ऐसी गाड़ी के लिए तो लोग घूमते रहते हैं."

काका मैनेजवळ गेले. तिच्या उडालेल्या रंगावर त्यांनी हात ठेवला. "बाबा म्हणायचे, हिला रंगवू नकोस रे," ते हळू आवाजात म्हणाले. "मला वाटायचं, कंजूषपणा करतायत." मग ते अबोलीकडे वळले. "चुकलो गं. सकाळपासून सांगत होतीस. शाबास! तिघांनाही शाबास!"

खणातली डबी उघडून त्यांनी प्रत्येकाच्या हातावर एक-एक खडा ठेवला. स्वतःही एक घेतला.

घरी आईने अबोलीला जवळ ओढलं. काका मात्र लगेच जेवणाच्या टेबलाशी ठाण्यात द्यायची तक्रार लिहायला बसले, शुद्ध हिंदीत. "आणखी कुणी फसायला नको!" ते म्हणाले आणि कागद अबोलीपुढे सरकवला. "बघ बरं, ठीक आहे ना?"

अबोलीने पहिली ओळ वाचली. 'सेवा में, पोलीस थाना प्रभारी महोदय...'

तिने डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला आणि दप्तरातून लाल पेन काढलं.

"काका," ती म्हणाली, "वही आणा. पन्नास वेळा!"