कुणी विचारलं होतं का?

पुण्याजवळच्या धायरीतल्या एका विहिरीच्या काठावर एक माणूस पोटावर पालथा पडून आत डोकावत होता, आणि मला नेमकं त्याच विहिरीवरच्या बायकांशी बोलायचं होतं. मे महिन्याची सकाळ. बायका धुणं आटपून निघायच्या बेतात... आणि हे गृहस्थ लांबलचक मोजपट्टी पाण्यात सोडून निवांत पडलेले.

"अहो, जरा सरकता का?" मी म्हटलं.

"दोन मिनटं. पाणी मोजायलो."

"पाणी कुठे पळून जाणार आहे?"

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कपाळाला माती, केसात वाळका पाला, आणि डोळे... डोळे मी त्या दिवशी मुळीच पाहिले नव्हते, असं मी पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत असे.

"पळूनच चाललंय," तो म्हणाला. "तेच तर मोजायलो."

त्याचं नाव उत्तरेश्वर. लातूरकडचा, औसा तालुक्यातला. आणि गंमत म्हणजे विद्यापीठात आम्ही एकाच इमारतीत, एकाच भूगोल विभागात पीएचडी करत होतो. तो तळमजल्यावर, मी पहिल्या मजल्यावर. दोन वर्षांत एकदाही भेट नाही.

यात नवल काही नव्हतं. भूगोल म्हणजे देशांच्या राजधान्या पाठ करायच्या, अशी माझ्या बाबांची, म्हणजे नारायण पेठेतल्या श्यामसुंदर यांची, पक्की समजूत होती. प्रत्यक्षात आमच्या त्या एका इमारतीत काय नव्हतं! तळमजल्यावर कुणी कोकणातल्या किनाऱ्याची वाळू चाळत होतं, कुणी भीमेच्या पात्रातले गोटे मोजत होतं, कुणी घाटातल्या दरडींच्या मागे होतं. वरच्या मजल्यावर आठवड्याचे बाजार, देवस्थानांना येणारी माणसं, कांदा कुठून येतो आणि कुठे जातो, असले विषय. खालच्यांना वाटे, वरचे नुसत्या गप्पा मारून पदवी मिळवतात. वरच्यांना वाटे, खालच्यांना दगडांपलीकडे काही दिसत नाही. दोन्ही मजल्यांचा चहासुद्धा वेगवेगळ्या टपऱ्यांवर.

माझा विषय होता, सुना कुठून येतात. धायरीसारखं गाव शहराने गिळलं, की तिथल्या घरांत येणाऱ्या सुनांची माहेरं किती लांब जातात, हे मी शोधत होते. म्हाताऱ्या बायकांची माहेरं खडकवासल्याच्या आसपास, बैलगाडी संध्याकाळपर्यंत परतेल एवढ्या अंतरावर. त्यांच्या नातवांना मात्र खराडीच्या कंपन्यांत नोकऱ्या लागल्या होत्या, आणि त्यांच्या बायका नागपूरहून, इंदूरहून येत होत्या. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. "म्हणजे तुम्ही पण प्रवाहच मोजायलाव," एवढंच म्हणाला.

एवढ्यात रस्त्यावर मोटरसायकल थांबली. दिग्विजय नावाचा जागांचा एजंट. त्या काळात धायरीत दोन अनोळखी तरुण माणसं एकत्र उभी दिसली, की ती फ्लॅट बघायलाच आली असणार, याबद्दल कुणाला शंका नसे.

"वन बीएचके का टू?" त्याने विचारलं.

आम्ही दोघांनी नाही म्हणायला तोंड उघडलं... आणि दोघांनीही मिटलं. नव्या इमारतींचे वॉचमन मला आठवडाभर आत सोडत नव्हते. आणि बिल्डरची बोअर किती खोल गेली आहे, हे गिऱ्हाईक सोडून कुणाला कळत नव्हतं.

"टू," उत्तरेश्वर गंभीरपणे म्हणाला.

"बाल्कनी हवी," मी म्हटलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या रिकाम्या, ओल्या रंगाचा वास येणाऱ्या फ्लॅटमध्ये दिग्विजय बेडरूम दाखवत होता आणि उत्तरेश्वर बोअर किती फुटांवर लागली, टँकर कुठल्या महिन्यात सुरू होतो, हे विचारत होता. मी विचारत होते, शेजारी कोण राहतं, कुठून आलेत, बायकोही नोकरी करते का. दिग्विजय खूश झाला. म्हणाला, "साहेब पाणी बघत्यात, मॅडम माणसं बघत्यात. बाकीचे येडे नुसत्या टाइल्स बघून जात्यात. तुमचा जोडा लई भारी हाय."

जिना उतरताना माझे कान तापले होते.

"बाल्कनी कशाला?" त्याने हळूच विचारलं.

"खोटंच बोलायचं, तर जरा हवेशीर बोलावं."

तेव्हा मात्र तो हसला. मोठ्याने नाही... पण जिना संपेपर्यंत हसत होता.

त्यानंतर आम्ही एकत्र फिरू लागलो. कारण कामाचं होतं, असं मी माझ्या गाईड मॅडमना सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. उत्तरेश्वरची अडचण अशी, की जुन्या काळी या विहिरींचं पाणी कुणी मोजलंच नव्हतं. आणि बायकांना सालं आठवत नसत, पण लग्नं आठवत. "थोरल्याच्या लग्नात या हिरीनं सारं वऱ्हाड पाजलं. चंपीच्या लग्नाला टँकर आणाय लागला." थोरल्याचं लग्न कधी, चंपाचं कधी, हे माझ्याकडे होतं. माझ्या लग्नांवरून त्याच्या आलेखातली रिकामी वर्षं भरत गेली. दोन्ही मजल्यांच्या चर्चासत्रात त्याने हे मांडलं आणि शेवटी माझ्याकडे हात करून म्हणाला, "हे पाणी यांनी मोजलंय." सगळे मागे वळून बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघत होते, आणि बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

ऑगस्टमध्ये एकदा सिंहगड रस्त्यावर पावसाने गाठलं. त्याची जुनी एम-एटी गाडी रुसली, आणि आम्ही एका पंक्चरवाल्याच्या पत्र्याखाली उभे राहिलो. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता, की बोलायचं तर कानाजवळ जावं लागे. म्हणून दोघंही गप्प होतो. त्याने माझी पिशवी, ज्यात सगळे कागद होते, न बोलता आपल्या शर्टाच्या आत धरली आणि स्वतः अर्धा भिजला. त्या दिवसापासून मी त्याला अरे-तुरे करायला लागले. त्याला मात्र 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला दिवाळी उजाडली.

त्याच पावसाळ्यात मी बायकांना एक नवा प्रश्न विचारू लागले. "लग्नाआधी तुम्हाला कुणी विचारलं होतं का, या गावी जायचं का म्हणून?"

यमुनाबाई म्हणून एक आजी होत्या, गावातल्या सगळ्यात जुन्या सुनांपैकी एक. त्या हसून हसून दमल्या. "इचारत्यात व्हय कुणी? गाडीत बसवलं, गाडीतनं उतरले तवा कळलं कुठलं गाव ते." मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तसं वाईट न्हाई झालं काही. पर इचारलं असतं, तर बरं वाटलं असतं."

हे मी लिहून काढलं तेव्हा पहिल्यांदा उत्तरेश्वरला वाचायला दिलं. शेवटच्या पानावर पोचल्यावर त्याने ते परत पहिल्यापासून वाचायला घेतलं.

जानेवारीत त्याचं काम संपत आलं. खराडीतल्या एका कंपनीने त्याला बोलावलं होतं. अमेरिकेतल्या गावांचे रस्ते कॉम्प्युटरवर रेखाटायचे, पगार डोळे विस्फारावेत असा. आमच्या विभागातली निम्मी मुलं तिकडे गेली होती. मी उघड काही म्हटलं नव्हतं. पण मनात मी खराडीला जायला कुठे बस बदलावी लागेल इथवर पोचले होते, हे आता सांगायला हरकत नाही. मला तो हवा होता. पुण्यात, रोजचा, हाकेच्या अंतरावर.

एक दिवस तो मला मार्केट यार्डात घेऊन गेला. प्रेमात पडलेली माणसं सारसबागेत जातात, आम्ही भुसार बाजारात. त्याच्या भागातली तूरडाळ तिथे उतरते, ती त्याला दाखवायची होती. ट्रकमधून पोती उतरत होती, हमाल "सरका, सरका" करत होते, सगळीकडे डाळीची पिवळी धूळ. एका पोत्यावर छापलेलं गावाचं नाव त्याने बोटाने दाखवलं. ते त्याच्या गावापासून जवळचं होतं.

"आमचं सगळं इकडेच येतं," तो म्हणाला. "डाळ येते, पोरं येतात. मीही आलो. उलटं कुणी जात नाही." थोडं थांबून म्हणाला, "मी जातोय, स्वराली. तिकडे पाण्यावर काम करणारी एक संस्था आहे. गावोगावचं पाणी मोजायचं, लोकांना हिशेबाने वापरायला शिकवायचं. खराडीला नाही म्हणून कळवलं."

धूळ डोळ्यांत गेली असं म्हणायची सोय होती, तिचा मी फायदा घेतला.

"कधी?" मी विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"आणि... मी?"

तो पोत्याकडे बघत राहिला. "तुला विचारणारच नव्हतो. तू लिहिलेलं मीच तर वाचलंय. उचलायचं आणि नेऊन ठेवायचं दुसऱ्या गावी. तसं करणाऱ्यांतला मला व्हायचं नाही. आमच्याकडे नळाला आठवड्यातनं एकदा पाणी येतं. तुझं सगळं इथं आहे. मी कुठल्या तोंडानं विचारू?"

मी त्याच्यावर प्रेम करत होते, हे मला तोपर्यंत नीटसं ठाऊक नव्हतं. ते कळलं ते मला आलेल्या रागावरून. इतका राग परक्या माणसाचा येत नाही.

"उत्तरेश्वर," मी म्हटलं, "यमुनाबाईंना न विचारता पाठवलं. तू मला न विचारता ठेवून चाललास. ठरवलं दोन्हीकडे दुसऱ्यांनीच. फरक काय झाला, सांग."

एक हमाल पोतं घेऊन आमच्या मधूनच गेला. तो पलीकडे गेला तेव्हा उत्तरेश्वरचा चेहरा पार उतरला होता. तो जवळ आला. एरवी कुणाशीही बोलताना न अडखळणारा माणूस, पण शब्द जुळवायला त्याला वेळ लागला.

"तिकडे... माझ्यासोबत... येशील का? नाही म्हणालीस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण... तुझं 'नाही' मी 'नाही'च समजेन."

मी ठरवलं होतं, की कुणी मला हे विचारलं तर शांतपणे चार दिवस घ्यायचे. पीएचडीची दोन प्रकरणं राहिली होती, आई-बाबा होते, त्याचं ते आठवड्यातनं एकदा येणारं पाणी होतं. सगळं डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होतं.

"हो," मी म्हटलं. "प्रबंध देऊन येईन. पण येईन."

त्याने माझा हात धरला. दोघांच्याही हातांना डाळीची धूळ होती, आणि आजूबाजूचे हमाल आम्हाला शिव्या घालत वळसा घालून जात होते.

पुढच्या रविवारी तो आमच्या घरी आला. आमच्या हॉलमधल्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. आईने पोहे केले होते. बाबांनी आधी त्याला ते खाऊ दिले आणि मग सावकाश चौकशी सुरू केली. घरी कोण, शेत किती, संस्थेचा पगार किती. हडपसरच्या पुढे पूर्व दिशा असते, हेच बाबांना मान्य नव्हतं.

"लातूरहून माणसं पुण्याला येतात, इथपर्यंत मला कळतं," ते म्हणाले. "पुण्याहून तिकडे जायचं म्हणजे... भूगोलात पीएचडी करून मुलीला दिशा कळू नये, हे नवीन आहे. तुम्ही हिला नेमकं सांगितलंत तरी काय?"

"सांगितलं काही नाही, काका," उत्तरेश्वर म्हणाला. "विचारलं."

"विचारलं म्हणजे? अशा गोष्टी मोठ्या माणसांनी ठरवायच्या असतात. पोरींना काय विचारायचं त्यात?"

आई पोह्यांच्या बशा उचलत होती. ती थांबली.

"मला कुणी विचारलं होतं?" ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा, भाजी कुठली आणू म्हणून विचारते तसा. "मिरजेला अण्णा संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, ठरलं, पुण्याचं स्थळ आहे. मी म्हटलं, बरं. कृष्णेच्या घाटावर मैत्रिणी वाट बघत होत्या, त्यांना सांगायलासुद्धा गेले नाही."

मी आईकडे बघतच राहिले. धायरीतल्या घरोघरच्या सुनांना मी विचारत फिरले होते. आमच्याच स्वयंपाकघरात मिरजेहून आलेली एक सून होती, आणि तिच्यापर्यंत मी कधी पोचलेच नव्हते.

बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, परत लावला. खाली रस्त्यावर रिक्षा हॉर्न वाजवत होती.

"अगं..." बाबा म्हणाले, आणि इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?"

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग उत्तरेश्वरकडे.

"विचार करून सांगते," ती म्हणाली, आणि बशा घेऊन आत गेली.

बाबा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले. आम्हा दोघांचा त्यांना विसर पडला होता. थोड्या वेळाने ते उठले आणि पाहुणा घरात असूनही आईच्या मागोमाग आत गेले. हॉलमध्ये आम्ही दोघंच उरलो, आणि उत्तरेश्वर खुर्चीच्या कडेवरून जरा मागे सरकून नीट बसला.