खिळ्यावरचं स्टिअरिंग

पुआ गावच्या बाजाराच्या टोकाला, जिथून घाट चढायला लागतो, तिथे सिंगखामचं गॅरेज आहे. जुन्या गाडीचं स्टिअरिंग दुरुस्त करावं तर त्यानेच, असं लोक म्हणत आणि त्यालाही ते खोटं वाटत नसे. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक त्याने ऐन उमेदीत एका इंजिनाच्या पट्ट्याला दिलं होतं. "देवीला नैवेद्य दिला," असं तो हसत सांगे. प्रत्येक गाडीत एक राखणदार देवी असते, असं तिकडे मानतात; तिच्यावर मात्र त्याचा काडीचा विश्वास नव्हता. गाडी ओढते म्हणजे तिच्यात काहीतरी झिजलेलं असतं, एवढाच त्याचा धर्म.

आणि त्याच्या थोरल्या बहिणीची गाडी त्याच्या नाकावर टिच्चून डावीकडे ओढत होती.

चानपेंग रोज सकाळी तांदळाच्या शेवयांच्या टोपल्या घेऊन घाटावरच्या बो क्लुआ गावाला जाई आणि येताना तिथल्या खाऱ्या पाण्याच्या विहिरींचं मीठ आणी. चढताना रस्त्याच्या डाव्या अंगाला दरी. सिंगखामने पुढचे टायर अदलाबदल केले, चाकं उचलून ब्रेक कुठे चिकटतोय का ते पाहिलं, टाय रॉडची टोकं बदलली, बॉल जॉइंट बदलले, अलाइनमेंट केली आणि समाधान होईना म्हणून पुन्हा केली. मग मोकळ्या रस्त्यावर हात सोडून चालवली, तर गाडी सुतासारखी सरळ गेली.

"ताई, काही नाही गं हिला. धडधाकट आहे."

"रिकाम्या रस्त्यावर कशाला ओढेल?" चानपेंग म्हणाली. "समोरून मोठी गाडी यायला हवी ना."

दुसऱ्या दिवशी तो तिच्यासोबत घाटात गेला. चालवायला स्वतः बसला, ती मागे. डावीकडच्या सीटवर शेवयांची टोपली. मक्याचा ट्रक वळणावर दिसला आणि स्टिअरिंग डावीकडे झुकलं. झटका नव्हता. बेताने, पण ठामपणे झुकलं आणि ट्रक गेल्यावर सुटलं. वाऱ्याचा झोत असता तर ट्रक शेजारी आल्यावर लागला असता. हे मात्र ट्रक नुसता दिसल्यावर झालं होतं. आणखी दोन ट्रक आले, दोन्ही वेळा तसंच.

मागे चानपेंग हसत होती. सिंगखामला घाम फुटला, कारण हे झुकणं त्याने पूर्वी पाहिलं होतं.

इन्तादाजींना, म्हणजे चानपेंगच्या नवऱ्याला, गाडी कधी चालवता आली नाही. पण बायकोच्या शेजारी बसून समोरून काही आलं, की त्यांचा उजवा हात स्टिअरिंगवर जायचाच. "हात काढा, नाहीतर उतरून चालत या!" असं ती रोज ओरडायची आणि ते रोज "बरं बरं" म्हणून पुढच्या ट्रकला पुन्हा तेच करायचे. ते गेले गेल्या वर्षी, घरच्या अंथरुणावर, मूत्रपिंडाच्या दुखण्याने. रस्त्याचा त्यात काही संबंध नव्हता.

गॅरेजमध्ये परतल्यावर त्याने स्टिअरिंग नीट पाहिलं. चानपेंगचे हात वर असतात, तिथलं रबर जेमतेम गुळगुळीत झालं होतं. खाली डावीकडे मात्र ते पार लोखंडापर्यंत झिजलं होतं.

झिजलेलं सापडलं म्हणून त्याला खरं तर आनंद व्हायला हवा होता.

"हे काढून दुसरं बसवतो," तो म्हणाला. "आज ना उद्या हे तुला दरीत नेईल."

"आजवर नेलं का?"

"नेल्यावर सांगायला येणार आहेस मला?"

आरशाला बांधलेली देवीची झेंडूची माळ तिने उगाच सारखी केली. "कर काय करायचं ते. पण देवीला हात जोडून, विचारून काढ. गिऱ्हाइकांसमोर जोडतोस ना?"

गिऱ्हाइकांसाठी तो जोडायचा. सख्ख्या बहिणीपुढे कसलं नाटक, म्हणून त्याने सरळ पाना लावला.

भंगारातल्या एका गाडीचं चांगलं स्टिअरिंग त्याने बसवलं. चानपेंग एक फेरी मारून आली. दोन ट्रक भेटले होते.

"कशी आहे?"

"सरळ आहे," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. सिंगखामला फार वाईट वाटलं, पण बहीण जिवंत राहावी यात वाईट ते काय, अशी त्याने मनाची समजूत घातली. संध्याकाळी तिने स्वतः विणलेलं पांढरंशुभ्र कव्हर धुऊन, वाळवून नव्या स्टिअरिंगवर चढवलं. "तुझे काळे हात लावू नकोस आता," अशी तंबीही दिली. त्याने लावले नाहीत.

जुनं स्टिअरिंग मधल्या भोकातून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं होतं.

सकाळी ती नेहमीसारखी गेली. गॅरेजसमोरून एक ट्रक खाली उतरला आणि खिळ्यावरचं स्टिअरिंग किंचित डावीकडे फिरलं. जमीन हादरते, त्याने फिरलं असेल. सिंगखामने हातातलं बेअरिंग ग्रीसमध्ये बुडवलं. थोड्या वेळाने बस गेली. पुन्हा फिरलं आणि पुन्हा सरळ झालं. खडूने भिंतीवर खूण करून बघावं, असं त्याने ठरवलं.

मग रस्त्यावर काहीच नव्हतं. शेजारच्या चहावालीचा कुत्रा मधोमध पसरून झोपला होता.

स्टिअरिंग फिरलं.

पाव फेरा. त्याच्याही पुढे. तिथेच थांबलं आणि थरथरू लागलं. ओढायला बळ पुरत नसल्यासारखं.

सिंगखामने घड्याळाकडे पाहिलं नाही. ताई आता कुठे असेल, हे त्याला ठाऊक होतं.

हात जोडायला वेळ नव्हता.

तो धावला. ग्रीसने माखलेला उजवा हात त्याने झिजलेल्या जागी घातला. लोखंड गरम होतं. त्याने जीव खाऊन डावीकडे ओढलं.

आणि सगळं सैल पडलं.

त्याने फोन लावला. घाटात रेंज नव्हती. पुन्हा लावला, पुन्हा लावला. चहावालीने चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

दुपारी गाडी गॅरेजसमोर येऊन उभी राहिली. डावी बाजू पुढून मागपर्यंत खरचटलेली. चानपेंग उतरली, धडधाकट, फक्त ओठ पांढरे.

"मक्याचा ट्रक होता. ब्रेक गेले होते त्याचे, सरळ माझ्या अंगावर आला," ती म्हणाली. "माझे हात गोठले रे. गाडी आपली आपणच डावीकडे वळली. कठड्याला घासत गेली, पण वाचले. तू तर म्हणालास, आता ओढणार नाही!"

सिंगखाम गाडीच्या दारातून आत वाकला.

पांढऱ्या कव्हरवर, खाली डावीकडे, ग्रीसची चार बोटं उमटली होती. मधलं बोट आखूड होतं.